'बाय'च्या पुढे कोणाचे नाव?



गेल्या दोन आठवड्यांत या सदरात आपण इंग्रजीतले काळ पाहिले. आज खरे तर प्रश्नार्थक वाक्ये घ्यायची होती. पण मध्ये एक गोष्ट घडली, म्हणून तो धडा पुढे ढकलतो आणि 'पॅसिव्ह व्हॉइस' अगोदर घेतो.

आमच्या वस्तीत दर रविवारी सकाळी विहाराच्या ओट्यावर आठवी ते दहावीच्या मुलांचा वर्ग भरतो. कचेरीतली कारकुनी सांभाळून मी तो गेली बरीच वर्षे घेतो आहे. मागच्या महिन्यात वर्ग सुटल्यावर दहावीतली एक मुलगी मागे थांबली. तिचे वडील कंत्राटावर साफसफाईचे काम करतात. कामावर पायाला इजा झाली, तेव्हा औषधपाण्याचा खर्च मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता. त्याचे उत्तर इंग्रजीतून आले होते. अडीच महिने ते पत्र घडी करून बाबासाहेबांच्या तसबिरीमागे जपून ठेवलेले होते. मुलीने ते माझ्या हातात दिले आणि विचारले, "काका, पैसे कधी येतील?"

पत्र दोनच ओळींचे होते. 'युवर क्लेम हॅज नॉट बीन अप्रूव्हड फॉर वॉन्ट ऑफ ओरिजिनल बिल्स. इट मे बी रिसबमिटेड विदिन थर्टी डेज.' इंग्रजी वाक्ये मी नेहमीप्रमाणे देवनागरीत देतो आहे, म्हणजे आईवडिलांनाही ती मोठ्याने वाचता येतील. स्पेलिंगे मुलांनी आपल्या पुस्तकात पाहावीत.

मुलीने घरी अर्थ सांगितला होता तो असा : मूळ बिले नसल्यामुळे क्लेम मंजूर झालेला नाही, तीस दिवसांत तो पुन्हा सादर केला जाईल. आता 'सादर केला जाईल' म्हटल्यावर घरच्यांनी काय समजायचे? कचेरीचे पत्र, कचेरीचा क्लेम, तेव्हा सादरही कचेरीच करील. तीस दिवस गेले, साठ गेले. मूळ बिले घरातच पत्र्याच्या डब्यात पडून होती.

त्या वाक्यात 'केला जाईल' नव्हतेच. 'मे बी रिसबमिटेड' म्हणजे 'पुन्हा सादर करता येईल'. आणि कोणी सादर करायचा, तर ज्याचा क्लेम त्याने. पण ते 'कोणी' पत्रात लिहिलेलेच नव्हते.

मुलगी अभ्यासात हुशार आहे, हे मुद्दाम सांगतो. 'चेंज द व्हॉइस' हा प्रश्न ती कधी चुकत नाही. मांजराने उंदीर मारला, उंदीर मांजराकडून मारला गेला, हे तिला झोपेत विचारले तरी सांगता येते. पण त्या पत्रात ना मांजर होते, ना उंदीर, ना 'बाय'. आपली मुले हा विषय एका-दोन गुणांसाठी घोकतात आणि परीक्षा संपली की विसरतात. मी कारकून आहे, म्हणून अनुभवाने सांगतो, कचेऱ्यांतून, दवाखान्यांतून, बँकांतून आपल्या घरी येणारे इंग्रजी बहुतेक याच 'व्हॉइस'मध्ये असते.

तर मुळापासून सुरुवात करू. उदाहरणे शोधांची घेऊ, कारण शाळेच्या इंग्रजीत शोधांचा धडा कुठे ना कुठे येतोच, आणि शोधाबद्दल आपण तीनच गोष्टी विचारतो : काय, केव्हा आणि कोणी. पॅसिव्ह व्हॉइसच्या वाक्यात नेमक्या याच तीन जागा असतात.

'बेल इन्व्हेन्टेड द टेलिफोन.' हे साधे वाक्य. करणारा पहिला, क्रिया मध्ये, वस्तू शेवटी. आता वस्तूला पुढच्या बाकावर बसवा. 'द टेलिफोन वॉज इन्व्हेन्टेड बाय बेल.' टेलिफोन पुढे आला, बेल मागे गेला आणि त्याच्या आधी 'बाय' लागले. क्रियापदाच्या आधी 'वॉज' आले आणि क्रियापद तिसऱ्या रूपात गेले. एवढेच आहे सगळे.

तिसरे रूप पाठच करावे लागते, त्याला पळवाट नाही. इन्व्हेन्ट, इन्व्हेन्टेड, इन्व्हेन्टेड. मेक, मेड, मेड. बिल्ड, बिल्ट, बिल्ट. बाय, बॉट, बॉट (हे 'बाय' विकत घेण्याचे, कर्त्याच्या आधीचे 'बाय' वेगळे, दोघांचे स्पेलिंगही वेगळे). राइट, रोट, रिटन. ड्रॉ, ड्र्यू, ड्रॉन. नो, न्यू, नोन. आई पोळ्या लाटताना मुलाने मोठ्याने म्हणावीत आणि आईने फक्त ऐकावीत; मूल अडखळले की आईला बरोबर कळते, त्यासाठी तिला इंग्रजी यायला नको.

एकदा तिसरे रूप बसले की ते खांबासारखे जागेवर राहते, बदलतात ते त्याच्या आधीचे शब्द. 'इज मेड' म्हणजे बनवले जाते. 'वॉज मेड' म्हणजे बनवले गेले. 'इज बीइंग मेड' म्हणजे आत्ता बनवले जात आहे. 'हॅज बीन मेड' म्हणजे बनवून झालेले आहे. 'विल बी मेड' म्हणजे बनवले जाईल. 'कॅन बी मेड' म्हणजे बनवता येते. 'मे बी मेड' म्हणजे बनवण्यास हरकत नाही, मुभा आहे. कधी 'कदाचित बनवले जाईल' असाही अर्थ निघतो, तो संदर्भावरून ओळखावा. 'मस्ट बी मेड' म्हणजे बनवलेच पाहिजे. त्या मुलीच्या घरचे नुकसान झाले ते 'विल बी' आणि 'मे बी' यांतल्या फरकाने. हा परिच्छेद कापून भिंतीला चिकटवला तरी चालेल.

आता आपल्या मराठी मुलांना हमखास पाडणारे दोन खड्डे सांगतो. शाळेच्या पुस्तकात ते कोणी सांगत नाही, कारण ते खड्डे इंग्रजीतले नाहीत, मराठीतले आहेत.

पहिला खड्डा 'ने' या प्रत्ययाचा. मराठीत आपण म्हणतो, 'बेलने टेलिफोन बनवला.' मराठी व्याकरणात हा कर्मणी प्रयोग. क्रियापद बेलच्या मागे न जाता टेलिफोनच्या मागे जाते. 'बेलने घंटा बनवली' म्हटले की 'बनवली' होते. मुलांना शिकवलेले असते की कर्मणी म्हणजे पॅसिव्ह. मग ती 'बेलने' पाहिले की 'बाय बेल' लिहून मोकळी होतात. पण इंग्रजीत ते साधे ॲक्टिव्ह वाक्य आहे : 'बेल मेड द टेलिफोन.' मराठीत जेव्हा 'बेलकडून बनवला गेला' किंवा 'बनवण्यात आला' असे येते, तेव्हाच इंग्रजीत 'वॉज मेड' घ्यायचे. प्रयोगाचे नाव विसरा. 'गेला' आणि 'आला' यांच्याकडे लक्ष ठेवा. एका मुलाने माझ्या वर्गात लिहिले होते, 'बेल वॉज इन्व्हेन्टेड द टेलिफोन'. मी त्याला म्हटले, बाळा, तू तर बेललाच शोधून काढलेस. सगळा वर्ग हसला, पण ती चूक त्याने पुन्हा केली नाही.

जाता जाता, 'द ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड' आणि 'ही वॉज डाइड' ही दोन वाक्ये आपल्या अर्जांतून मला सर्रास दिसतात. 'हॅपन' आणि 'डाय' ही क्रियापदे पॅसिव्हमध्ये येतच नाहीत. नुसते 'हॅपन्ड', नुसते 'डाइड'.

दुसरा खड्डा 'शोध' या शब्दाचा. मराठीत टेलिफोनचाही शोध, क्ष-किरणांचाही शोध आणि हरवलेल्या पोराचाही शोधच. इंग्रजीत यांची खाती निराळी आहेत. जे अगोदर नव्हते आणि कोणी डोक्याने, हाताने घडवले, ते 'इन्व्हेन्टेड'. जे होतेच पण माहीत नव्हते, ते 'डिस्कव्हर्ड'. 'एक्स-रेज वेअर डिस्कव्हर्ड बाय राँटगेन इन १८९५.' किरण होतेच, राँटगेनने ओळखले. 'पेनिसिलिन वॉज डिस्कव्हर्ड बाय फ्लेमिंग इन १९२८.' पण बुरशीत दिसलेल्या त्या द्रव्याचे माणसाला देता येईल असे औषध व्हायला आणखी दहा-बारा वर्षे लागली. ते काम ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. त्याला शब्द 'डेव्हलप्ड'. वाफेच्या इंजिनाचा शोध जेम्स वॉटने लावला असे आपण सगळेच शिकलो. पण न्यूकोमनचे इंजिन १७१२ सालापासून खाणींतले पाणी उपसत होते. वॉटने त्यात मोठी सुधारणा करून १७६९ मध्ये पेटंट घेतले. म्हणून 'द स्टीम इंजिन वॉज इम्प्रूव्हड बाय वॉट' हे खरे वाक्य. बाजारात नवी गोष्ट आली की 'लाँच्ड'. भाजीवालीच्या गाडीवर चिकटवलेला जो चौकोन आपण मोबाइलने टिपतो, ती यूपीआयची सोय 'वॉज लाँच्ड इन २०१६'. जुनी गोष्ट जाऊन नवी आली की 'रिप्लेस्ड' : 'टाइपरायटर्स वेअर रिप्लेस्ड बाय कॉम्प्युटर्स.' मी टायपिंगची परीक्षा दिली ती टाइपरायटरवर, त्यामुळे हे वाक्य मला जरा लागते. आणि तारखाते बंद झाले ते 'वॉज क्लोज्ड इन २०१३'.

एका नागपूरच्या वाचकांनी मागे पत्रातून विचारले होते की 'अमेरिका वॉज डिस्कव्हर्ड बाय कोलंबस' हे बरोबर की चूक. व्याकरण बरोबर आहे. पण १४९२ मध्ये कोलंबस तिथे उतरला तेव्हा किनाऱ्यावर माणसे उभी होती. त्यांना आपला देश माहीत नव्हता काय?

आपल्या मराठीत तर आणखी एक सोय आहे. आपण म्हणतो, 'टेलिफोनचा शोध लागला.' लागला! जणू टेलिफोन रस्त्यात पडला होता आणि जाणाऱ्याच्या पायाला लागला. करणारा माणूस वाक्यात नाहीच. इंग्रजीतही 'बाय' न लिहिता वाक्य पुरे करता येते : 'द टेलिफोन वॉज इन्व्हेन्टेड इन १८७६.' व्याकरणाची काही हरकत नाही. करणारा ठाऊक नसेल, सांगायची गरज नसेल किंवा सांगायचा नसेल, तर 'बाय' गाळतात. यांतले तिसरे कारण ओळखायला शिकणे हाच आजचा खरा धडा.

त्यासाठी पेटंटची भाषा पाहू. नवी वस्तू किंवा नवी रीत कोणी काढली, तर ठरावीक मुदतीपर्यंत ती त्याच्या परवानगीवाचून दुसऱ्याने बनवायची, वापरायची, विकायची नाही, असा सरकारी हक्क म्हणजे पेटंट. आपल्याकडे ही मुदत वीस वर्षांची आहे. मुंबईत अँटॉप हिलला पेटंटची कचेरी आहे. आपल्यापैकी कित्येकजण रोज त्या बाजूने ये-जा करीत असतील. तिथले सगळे कामकाज आपल्या आजच्या व्हॉइसमध्येच चालते. 'ॲन ॲप्लिकेशन इज फाइल्ड' म्हणजे अर्ज दाखल केला जातो. 'द ॲप्लिकेशन इज एक्झॅमिन्ड' म्हणजे तो तपासला जातो. 'द पेटंट इज ग्रँटेड' म्हणजे पेटंट दिले जाते, आणि नाही दिले तर 'द ॲप्लिकेशन इज रिफ्यूज्ड'. हेच शब्द शिष्यवृत्तीच्या, घरकुलाच्या, जातपडताळणीच्या कागदांतही येतात, म्हणून चारही पाठ करावेत. आपल्या देशात असा पहिला कायदा १८५६ साली झाला आणि त्याखाली पहिला अर्ज कलकत्त्याच्या डी पेनिंग नावाच्या अभियंत्याने केला, तो पंखा ओढण्याच्या यंत्राबद्दल. साहेबांच्या डोक्यावर लोंबणारा कापडी पंखा दोरीने ओढायला तेव्हा माणसे असत. 'द पंखा वॉज पुल्ड ऑल नाइट.' बाय कोण, ते लिहायची कोणाला गरज वाटली नाही.

पेटंटच्या अर्जात मात्र 'बाय' गाळता येत नाही. तिथे नाव द्यावेच लागते, आणि तिथेच एकदा मोठी अडचण उभी राहिली. गोष्ट अमेरिकेतली आहे. मिसिसिपी राज्यात ऑस्कर स्टुअर्ट नावाचा एक मालक होता. त्याच्याकडच्या नेड नावाच्या गुलामाने कापसाच्या शेतीतले एक नवे अवजार बनवले. १८५७ मध्ये स्टुअर्टने त्याचे पेटंट आपल्या नावावर मागितले. त्याने लपवले काही नाही. अवजार नेडने काढले हे त्याने उघड सांगितले. त्याचे म्हणणे एवढेच की गुलाम माझा, तर त्याच्या हातचे कामही माझे आणि डोक्यातलेही माझे. पण पेटंट मागणाऱ्याला शपथेवर सांगावे लागे की हा शोध मी लावला. स्टुअर्टला ती शपथ घेता येईना, कारण शोध त्याचा नव्हता. नेडला ती घेताच येत नव्हती, कारण कायद्याच्या लेखी तो नागरिकच नव्हता. प्रकरण सरकारच्या सर्वांत वरच्या कायदा-अधिकाऱ्याकडे गेले आणि १८५८ मध्ये उत्तर मिळाले. त्याचा सारांश आपल्या धड्याच्या भाषेत असा : 'द इन्व्हेन्शन ऑफ अ स्लेव्ह कॅनॉट बी पेटंटेड.' गुलामाच्या शोधाला पेटंट देता येत नाही.

वर आपण 'कॅन बी मेड' पाहिले, त्याचेच हे नकारार्थी रूप, 'कॅनॉट बी'. मुलांनो, हे वाक्य वहीत लिहा आणि त्यात नेड कुठे आहे ते शोधा. तो नाही. 'अ स्लेव्ह' आहे.

पुढे १८६१ मध्ये गुलामगिरी राखू पाहणारी दक्षिणेकडची राज्ये फुटून निघाली, तेव्हा त्यांनी आपला निराळा पेटंट कायदा केला. त्यात ही अडचण त्यांनी सोडवली : गुलामाने लावलेल्या शोधाचे पेटंट मालकाला मिळेल. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा तो कायदाही गेला.

आता याच देशातला दुसरा माणूस. याचे नाव कागदावर राहिले, कारण त्याला कागद करता येत होते. लुईस लॅटिमर. मुलांना त्याची गोष्ट मी नेहमी सांगतो आणि सांगता सांगता वाक्ये करून घेतो.

त्याचे वडील जॉर्ज लॅटिमर १८४२ मध्ये व्हर्जिनियातल्या मालकाकडून बायकोसह पळाले आणि बोस्टनला पोचले. मालक मागोमाग आला. 'जॉर्ज वॉज अरेस्टेड.' गावात मोठा गदारोळ झाला, सभा झाल्या, आणि शेवटी गुलामगिरीच्या विरोधकांनी मालकाला चारशे डॉलर मोजून त्यांना सोडवले. 'हिज फ्रीडम वॉज बॉट फॉर फोर हंड्रेड डॉलर्स.' 'बाय, बॉट, बॉट' हे रूप माझ्या वर्गातले एकही मूल विसरत नाही, ते या वाक्यामुळे.

लुईस १८४८ मध्ये जन्मला. सोळाव्या वर्षी नौदलात भरती झाला. युद्ध संपल्यावर बोस्टनमध्ये पेटंटचे अर्ज करून देणाऱ्या वकिलांच्या कचेरीत शिपाई म्हणून लागला, आठवड्याला तीन डॉलरवर. तिथे अर्जासोबत यंत्राचे चित्र जोडावे लागे आणि ती चित्रे काढणारे वेगळे नक्षानवीस असत. हा त्यांच्या मागे उभा राहून पाही. पैसे साठवून त्याने जुन्या बाजारातून चित्राची साधने आणि पुस्तके घेतली आणि रात्री घरी गिरवत बसला. एके दिवशी त्याने एक चित्र काढून दाखवायची परवानगी मागितली. पुढे तो त्याच कचेरीत मुख्य नक्षानवीस झाला, आठवड्याला वीस डॉलरवर. 'ही वॉज नॉट टॉट बाय एनीवन.' त्याला कोणी शिकवले नव्हते.

१८७६ मध्ये टेलिफोनचे पेटंट मागायला बेल निघाला तेव्हा अर्जातली चित्रे लॅटिमरने करून दिली. म्हणजे आपण सुरुवातीला जे वाक्य केले, त्याच्या शेजारी दुसरे वाक्य ठेवता येते : 'द टेलिफोन वॉज इन्व्हेन्टेड बाय बेल, द ड्रॉइंग्ज वेअर मेड बाय लॅटिमर.' पहिल्या वाक्यावरही वाद आहेच. आंतोनियो म्यूची या इटलीहून आलेल्या माणसाने बेलच्या आधी अशा यंत्रावर काम केले होते, आणि २००२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने त्याच्या कामाचा गौरव करणारा ठराव केला. म्हणजे 'बाय'च्या पुढची जागा शंभर-सव्वाशे वर्षांनीही कशी तापलेली राहते पाहा.

विजेच्या दिव्यात तेव्हा कार्बनची बारीक तार जळत असे आणि ती टिकाऊ करणे हेच मोठे काम होते. ती तयार करण्याची सुधारलेली पद्धत लॅटिमरने काढली. १८८२ मध्ये तिचे पेटंट त्याच्या स्वतःच्या नावावर झाले. १८८४ मध्ये तो एडिसनच्या कंपनीत गेला आणि १८९० मध्ये विजेच्या दिव्यांवर त्याने पुस्तक लिहिले.

इथे एक गोष्ट आपल्याच लोकांना सांगायची आहे. 'बल्बचा शोध एडिसनने नव्हे, लॅटिमरने लावला' असा मजकूर मोबाइलवर फिरतो. मलाही तो चारदा आला आणि पाठवणाऱ्यांत आपले कार्यकर्ते होते. तो खरा नाही. एडिसनचा दिवा १८७९ चा, इंग्लंडात स्वानही त्याच कामात होता. लॅटिमरचे पेटंट नंतरचे आणि तारेच्या पद्धतीचे. आपल्या बाजूचे आहे म्हणून खोटे पुढे पाठवू नये. उद्या कोणी ते खोडून काढले की माणूस खऱ्या कामासकट पुसला जातो. 'इन्व्हेन्टेड' नाही तर 'इम्प्रूव्हड' म्हणा. 'द कार्बन फिलामेंट वॉज इम्प्रूव्हड बाय लॅटिमर.' हे वाक्य कोणाच्या बापाला खोडता येणार नाही.

आणि या माणसाबद्दल मला सर्वांत आवडणारी गोष्ट पेटंटची नाहीच. न्यूयॉर्कमध्ये हेन्री स्ट्रीट सेटलमेंट नावाची गरीब वस्तीतली संस्था होती. परदेशातून नव्याने आलेल्या मजुरांना तिथे लॅटिमर यांत्रिक चित्रकला शिकवी आणि इंग्रजी शिकवी. त्या मजुरांनाही कचेऱ्यांची पत्रे येतच असणार.

पत्रांचा विषय निघाला म्हणून आमच्या कचेरीतले थोडे सांगतो. मसुदा करताना आम्ही कारकून कधी 'मी' लिहीत नाही. 'कळविण्यात येते की', 'निदर्शनास आले आहे', 'विचार करण्यात येईल', 'अर्ज निकाली काढण्यात आला आहे'. इंग्रजीत 'इट इज हियरबाय इन्फॉर्म्ड'. नवीन लागलो तेव्हा मी एका टिपणीत 'मी फाइल तपासली' असे लिहिले होते. वरिष्ठांनी लाल शाईने खोडून 'फाइल तपासण्यात आली' केले. त्यात कपटच असते असे नाही. कचेरी बोलते, माणूस बोलत नाही, अशी ती रीत आहे. पण समोरच्या माणसाला मात्र कळत नाही की आता कोणाला भेटायचे.

म्हणून वर्गात आम्ही एक खेळ सुरू केला आहे. घरात आलेले कोणतेही इंग्रजी पत्र घ्यायचे. क्रियापदाच्या तिसऱ्या रूपाआधी 'इज, वॉज, बीन, बी' यांपैकी काही आहे का पाहायचे. असेल तर खाली पेन्सिलीने रेघ मारायची आणि रेघेच्या टोकाला लिहायचे, 'बाय हूम?' कोणाकडून? उत्तर पत्रात असेल तर ठीक. नसेल तर वाक्य उलटे फिरवून पाहायचे. 'इट मे बी रिसबमिटेड' फिरवले की 'यू मे रिसबमिट इट' होते. त्यातला 'यू' दिसला असता, तर त्या घरातली बिले डब्यात राहिली नसती. 'द फॉर्म मस्ट बी साइन्ड' : बाय हूम? पालकाने की मुख्याध्यापकांनी? 'द अमाउंट विल बी क्रेडिटेड' : बाय हूम, आणि केव्हापर्यंत?

या आठवड्याचा घरचा अभ्यास. घरातल्या पाच वस्तूंवर पॅसिव्हची वाक्ये करा. शिवणयंत्र असेल तर 'द सूइंग मशीन वॉज पेटंटेड बाय एलायस हाउ इन १८४६', सेफ्टी पिन असेल तर 'द सेफ्टी पिन वॉज पेटंटेड बाय वॉल्टर हंट इन १८४९', ही दोन तयार देतो. उरलेली तीन तुम्ही करा, आणि त्यांत एक तरी वाक्य असे हवे की ज्यात 'बाय'च्या पुढे आपल्या घरातल्या किंवा चाळीतल्या माणसाचे नाव येईल. 'दिस वॉल वॉज बिल्ट बाय माय ग्रँडफादर' असे एका मुलाने लिहून आणले होते.

त्या मुलीच्या घरचे सांगायचे राहिले. विलंब माफ करून क्लेम पुन्हा विचारात घ्यावा असा अर्ज आम्ही केला. मसुदा तिनेच लिहिला. मी दोन स्पेलिंगे सुधारली. बिलांच्या झेरॉक्स आपल्याकडे ठेवल्या, मूळ बिले जोडली आणि गेल्या सोमवारी ती वडिलांसोबत स्वतः जाऊन देऊन आली. निर्णय अजून यायचा आहे. आवक खिडकीवर पोच म्हणून तिच्या प्रतीवर शिक्का मारून मिळाला : 'रिसीव्हड', आणि खाली तारीख. ती दारापर्यंत आली आणि परत फिरली. वडील म्हणाले, "काय राहिले गं?" तिने शिक्का दाखवला. "बाबा, रिसीव्हड लिहिलंय. बाय हूम ते नाही." पुन्हा रांगेत पाऊण तास उभी राहून शिक्क्याखाली नाव आणि सही घेऊनच ती घरी आली.